संगणकाची फारशी माहिती नसलेल्यांना लिनक्सवर आणताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे पान दोन प्रकारच्या वाचकांसाठी आहे. पहिले म्हणजे ज्यांना आपला संगणक लिनक्सवर न्यायचा आहे पण तांत्रिक बाबींची सवय नाही असे लोक, आणि दुसरे, त्याहूनही अधिक, अशा माणसाच्या शेजारी बसून हे काम करून देणारे. मी गेली बरीच वर्षे नातेवाइकांना, शेजाऱ्यांना आणि ओळखीच्यांना यात मदत करत आलो आहे. नवी प्रणाली बसवायला बहुतेक वेळा एक तासही लागत नाही, परंतु त्या माणसाचे रोजचे काम नव्या जागी रुळायला काही आठवडे जातात आणि मदतीची खरी गरज त्या आठवड्यांत असते. खालील उत्तरे याच अनुभवातून लिहिली आहेत.

## लिनक्स म्हणजे नेमके काय? ‘मुक्त’ म्हणजे मोफत का?

संगणकाचे यंत्र आणि आपण वापरतो ते कार्यक्रम यांच्यामध्ये राहून सारा कारभार चालवणाऱ्या मूळ सॉफ्टवेअरला ऑपरेटिंग सिस्टीम म्हणतात, आणि विंडोज जशी एक ऑपरेटिंग सिस्टीम आहे तशीच लिनक्स ही दुसरी. तिचा गाभा लिनस टोरवाल्ड्स या फिनलंडमधील विद्यार्थ्याने १९९१ साली लिहायला घेतला. त्याभोवतीची बरीचशी साधने रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ साली जाहीर केलेल्या ग्नू या मुक्त सॉफ्टवेअरच्या प्रकल्पातून आली. अँड्रॉइडच्या प्रत्येक फोनमध्ये हाच गाभा आहे, त्यामुळे ‘मी लिनक्स कधीच वापरलेले नाही’ असे म्हणणाऱ्या बहुतेकांच्या खिशात ते आधीपासूनच असते.

इंग्रजीत या दोन्ही अर्थांना एकच शब्द असल्यामुळे तिकडे पुष्कळ गोंधळ होतो. मराठीत ‘मुक्त’ आणि ‘मोफत’ हे दोन वेगळे शब्द आहेत याचा फायदा आपण घ्यावा. लिनक्स बहुधा मोफत मिळते हे खरे, पण ते मुक्त आहे ही महत्त्वाची गोष्ट आहे. ते कोणत्याही कामासाठी वापरण्याची, आतून कसे चालते ते पाहण्याची, इतरांना प्रत देण्याची आणि बदल करून तो बदल वाटण्याची मुभा त्याचा परवानाच देतो. समोरच्या माणसाला कदाचित यांपैकी एकही मुभा स्वतः वापरायची नसेल, तरी इतर हजारो लोक ती वापरतात म्हणूनच दहा-बारा वर्षांच्या संगणकावर चालणारी आणि नियमित दुरुस्त होणारी प्रणाली त्याला मिळते.

## हा विषय अलीकडे इतका का निघतो?

विंडोज १० चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. घरगुती वापरकर्त्यांना सुरक्षा दुरुस्त्यांची एक वर्षाची वाढीव सोय मिळाली असली तरी तीही पुढे संपणारच आहे. विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षा चिप आणि ठरावीक पिढीनंतरचा प्रोसेसर लागतो, आणि साधारण २०१७ पूर्वीचे बहुतेक संगणक या अटींत बसत नाहीत. यंत्र धडधाकट आहे, पडदा स्वच्छ आहे, कळफलक चालतो आहे, आणि तरीही ते ‘कालबाह्य’ ठरले, अशा स्थितीत पुष्कळ लोक आहेत. चालते यंत्र फेकून देण्यापेक्षा त्यावर दुसरी प्रणाली बसवणे हा शहाणपणाचा मार्ग आहे असे मला मनापासून वाटते.

## कोणाला लिनक्सवर न्यावे आणि कोणाला नेऊ नये?

ज्याने स्वतः विचारले आहे त्यालाच न्यावे. हा नियम मी कधीही मोडत नाही. आपल्याला एखादी गोष्ट आवडते म्हणून दुसऱ्याच्या संगणकावर ती बसवून दिली, तर पुढच्या प्रत्येक अडचणीचे खापर त्या बदलावर फुटते, मग ती अडचण इंटरनेटच्या तुटलेल्या वायरीमुळे का आलेली असेना. उलट ज्याने स्वतः ठरवले आहे तो माणूस लहानसहान गैरसोयी समजून घेतो, कारण निर्णय त्याचा स्वतःचा असतो.

मग त्याचे काम पाहावे, आणि ‘पाहावे’ हा शब्द मी शब्दशः वापरतो आहे. संगणकावर काय काय करता असे विचारले तर लोक दोन गोष्टी सांगतात. अर्धा तास शेजारी शांत बसले तर आठ दिसतात. ब्राउझर, ईमेल, पत्रे लिहिणे, छायाचित्रे पाहणे, गाणी, व्हिडिओ कॉल एवढाच वापर असेल तर स्थलांतर सोपे आहे. गंमत अशी, की संगणकातले काहीच कळत नाही असे म्हणणारी माणसे बहुधा याच गटात मोडतात. जो स्वतःला ‘बऱ्यापैकी जाणकार’ म्हणवतो त्याला अधिक त्रास होतो, कारण विंडोजच्या सेटिंग्ज, कळजोड्या आणि युक्त्या त्याच्या हातात बसलेल्या असतात.

पुढील गोष्टींपैकी एखादी आढळली तर मात्र घाई करू नये: फोटोशॉपसारख्या ॲडोबीच्या कार्यक्रमांवर चालणारा व्यवसाय, मॅक्रोंनी (ठरावीक कामे आपोआप करणाऱ्या आज्ञांनी) भरलेल्या एक्सेलच्या फाइली, केवळ विंडोजसाठीच असलेला हिशेबाचा कार्यक्रम, किंवा ज्याचा उत्पादक लिनक्ससाठी काहीच देत नाही असे डिजिटल स्वाक्षरीचे टोकन. गिंप, क्रिटा आणि इंकस्केप हे चित्रांवर काम करण्याचे चांगले मुक्त कार्यक्रम आहेत, परंतु ज्याचे पोट दुसऱ्या कार्यक्रमावर चालते त्याला ‘हेही तसेच आहे’ असे सांगणे प्रामाणिकपणाचे नाही. ऑनलाइन खेळ खेळणाऱ्या मुलांचेही वेगळे पाहावे लागते. व्हॉल्व्ह या खेळांच्या कंपनीने २०१८ साली आणलेल्या प्रोटॉन या साधनामुळे विंडोजचे असंख्य खेळ लिनक्सवर चालू लागले, पण फसवणूक रोखणारी यंत्रणा असलेले काही लोकप्रिय खेळ अजूनही चालत नाहीत.

अशा माणसाला ‘सध्या तुम्ही आहे तिथेच राहा’ असे सांगणे हीसुद्धा मदतच आहे.

## सुरुवात कुठून करावी?

प्रणालीपासून नव्हे, तर कार्यक्रमांपासून. फ्रान्सच्या जांदार्मरी या पोलीस दलाने हाच क्रम धरला होता. त्यांनी २००५ च्या सुमारास आधी ओपनऑफिस हा वर्ड-एक्सेलसारखी कामे करणारा संच आणला, त्यानंतर फायरफॉक्स हा ब्राउझर आणि थंडरबर्ड हा ईमेलचा कार्यक्रम आणला, आणि लोकांचा हात या कार्यक्रमांवर बसल्यानंतर २००८ पासून हजारो संगणकांवर उबंटूवर आधारित प्रणाली बसवायला सुरुवात केली. खालची प्रणाली बदलली तेव्हा पडद्यावरचे रोजचे कार्यक्रम ओळखीचेच होते.

घरगुती संगणकासाठीही हेच करावे. विंडोज असतानाच फायरफॉक्स, थंडरबर्ड, लिब्रेऑफिस (ओपनऑफिसमधूनच पुढे निघालेला संच) आणि गाणी-व्हिडिओ चालवणारा व्हीएलसी बसवून द्यावेत आणि महिना-दीड महिना तेच वापरायला सांगावे. ब्राउझरमधल्या खुणा (बुकमार्क) आणि पासवर्ड याच काळात हलवून घ्यावेत. एखादी गोष्ट जमत नसेल तर ती याच टप्प्यावर कळते, आणि तेव्हा जुना कार्यक्रम शेजारीच असल्यामुळे कोणाचेही काम अडत नाही. मी ज्यांच्या बाबतीत हा टप्पा गाळला, त्यांच्यापैकी बऱ्याच जणांचे पहिल्या आठवड्यातले फोन लिनक्सबद्दल नव्हतेच. ते होते ‘माझे वर्ड कुठे गेले’ याबद्दलचे.

## इतक्या प्रकारच्या लिनक्समधून कोणते निवडावे?

लिनक्सचा गाभा एकच असला तरी त्याभोवती कार्यक्रम, दर्शनी रूप आणि अपडेटची व्यवस्था रचून वेगवेगळे गट आपापले वितरण देतात. डेबियन, उबंटू, फेडोरा, मिंट ही अशीच वितरणे. नवख्याला यांची यादी दाखवू नये. मदत करणाऱ्याने एक निवडून द्यावे, कारण नवख्याकडे निवडीचा निकषच नसतो आणि पर्यायांच्या गर्दीत त्याचा धीर सुटतो.

माझी निवड गेली कित्येक वर्षे लिनक्स मिंट ही आहे. खाली डावीकडे मेनू, तळाशी पट्टी, कोपऱ्यात घड्याळ ही रचना विंडोजमधून आलेल्याला परकी वाटत नाही, आणि दोन-चार वर्षांत ती अचानक बदलतही नाही. मिंट २२ ही आवृत्ती उबंटू २४.०४ वर आधारलेली असून तिला २०२९ पर्यंत सुरक्षा दुरुस्त्या मिळणार आहेत. झोरिन किंवा उबंटू हेही उत्तम पर्याय आहेत. फेडोरा मला स्वतःला आवडते, परंतु तिची प्रत्येक आवृत्ती साधारण तेरा महिन्यांनी निवृत्त होते, आणि ज्याच्याकडे आपण वर्षातून एकदा जाणार त्याच्यासाठी ते योग्य नाही.

आपण स्वतः जे वितरण रोज वापरतो तेच बसवून देणे, हाही एक सबळ निकष आहे. फोनवर ‘वरच्या उजव्या कोपऱ्यात पाहा’ असे सांगताना आपल्यासमोरही तोच कोपरा असेल तर बराच वेळ वाचतो.

## माझ्या जुन्या संगणकावर ते चालेल का?

मिंटसाठी किमान २ जीबी मेमरी लागते, पण सुखाने काम करायचे तर ४ जीबी हवी. मेमरी कमी असेल तर त्याच वितरणाची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती घ्यावी. प्रोसेसर ६४ बिटांचा असणे आता जवळपास अनिवार्य झाले आहे, कारण जुन्या यंत्रांना दीर्घकाळ सांभाळणाऱ्या डेबियननेही ऑगस्ट २०२५ मधील तेराव्या आवृत्तीपासून ३२ बिटांच्या संगणकांसाठी स्वतंत्र इन्स्टॉलर देणे थांबवले.

येथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. लिनक्स बसवल्याने जुना संगणक नवा होत नाही. प्रणाली हलकी असली तरी आजची संकेतस्थळे जड आहेत, आणि दहा टॅब उघडल्यावर ब्राउझर तितकीच मेमरी खातो. संगणकात अजून फिरत्या चकतीची हार्ड डिस्क असेल तर तिच्या जागी एसएसडी (फिरता भाग नसलेली वेगवान डिस्क) बसवण्याने जो फरक पडतो तो कोणतीही प्रणाली बदलून पडत नाही. दोन्ही गोष्टी एकाच वेळी केल्या तर जुनी डिस्क जशीच्या तशी बाजूला काढून ठेवता येते; माहितीची त्याहून चांगली हमी दुसरी नाही.

## न बसवता आधी पाहता येते का?

येते, आणि पाहिल्याशिवाय बसवूच नये. वितरणाच्या अधिकृत संकेतस्थळावरून आयएसओ फाइल (जिच्यात संपूर्ण प्रणाली असते अशी एकच फाइल) उतरवून घ्यावी आणि रूफस किंवा बलेना एचर यांसारख्या कार्यक्रमाने ती ८ जीबीच्या पेनड्राइव्हवर लिहावी. त्या पेनड्राइव्हवरून संगणक सुरू केला की डिस्कला हात न लावता पूर्ण प्रणाली चालवून पाहता येते. पेनड्राइव्हवरून ती संथ चालते, हे समोरच्याला आधीच सांगून ठेवावे.

या चाचणीत वायफाय, आवाज, कॅमेरा, मायक्रोफोन, पडद्याचा उजेड, टचपॅड, प्रिंटर, आणि लॅपटॉपचे झाकण मिटून पुन्हा उघडल्यावर तो जागा होतो का, हे सारे तपासावे. झाकणाची चाचणी लोक विसरतात आणि नंतर तीच डोकेदुखी ठरते. वायफाय सापडलेच नाही तर घाबरून जाऊ नये. काही चिपना वेगळा ड्रायव्हर, म्हणजे त्या चिपशी बोलणारे छोटे सॉफ्टवेअर, लागतो आणि फोन यूएसबीने जोडून त्याचे इंटरनेट तात्पुरते वापरले की मिंटचा ड्रायव्हर मॅनेजर तो उतरवून घेतो.

उतरवलेली फाइल अस्सल आहे ना, हे तपासण्यासाठी संकेतस्थळावर एसएचए२५६ नावाची एक लांबलचक संख्या दिलेली असते. आपल्या फाइलवरून काढलेली संख्या तिच्याशी जुळवून पाहावी. हा निव्वळ सोपस्कार नव्हे. २० फेब्रुवारी २०१६ रोजी खुद्द लिनक्स मिंटच्या संकेतस्थळात कोणीतरी घुसून डाउनलोडचा दुवा बदलला होता आणि त्या दिवशी काही लोकांनी मागचे दार (बाहेरच्याला गुपचूप आत शिरता येईल अशी वाट) ठेवलेली बनावट फाइल उतरवून घेतली. म्हणूनच ही संख्या शक्य असल्यास मिंटच्या डिजिटल सहीनिशी तपासावी, निदान दुसऱ्या एखाद्या ठिकाणी दिलेल्या संख्येशीही ताडून पाहावी.

## माहिती जाणार तर नाही ना?

डिस्क पुसून नवी प्रणाली बसवली की त्यावरचे सारे जाते. म्हणून आधी प्रत, तीही दोन ठिकाणी, आणि प्रत काढल्यानंतर ती दुसऱ्या संगणकावर उघडून पाहणे, एवढे झाल्याशिवाय पुढे जाऊ नये.

काय काय घ्यायचे याची यादी मालकाच्या तोंडून घेऊ नये, स्वतः शोधावे. सुरुवातीच्या काळात मी एका निवृत्त शिक्षिकेच्या संगणकाची प्रत काढली. त्यांचे दस्तऐवज, छायाचित्रे आणि डेस्कटॉपवरचे सर्व काही मी घेतले आणि डिस्क पुसली. त्यांचा नऊ वर्षांचा पत्रव्यवहार मात्र ईमेलच्या कार्यक्रमाने स्वतःच्या एका आडबाजूच्या फोल्डरमध्ये ठेवला होता आणि ती पत्रे सर्व्हरवर शिल्लक नव्हती. ती परत मिळाली नाहीत. चूक सर्वस्वी माझी होती, आणि तेव्हापासून मी निवडक फोल्डरांची प्रत काढत नाही; वापरकर्त्याचा संपूर्ण फोल्डर, लपलेल्या फाइलींसकट, जसाच्या तसा बाहेरच्या डिस्कवर घेतो. डी किंवा ई अशा नावाच्या इतर कप्प्यांत काय आहे तेही पाहावे, कारण पुष्कळांची छायाचित्रे तिकडेच असतात.

अलीकडच्या लॅपटॉपवर बिटलॉकर ही डिस्क कूटबद्ध करण्याची, म्हणजे किल्लीशिवाय वाचता येऊ नये अशी करण्याची, सोय मालकाच्या नकळत चालू असू शकते. तसे असल्यास संगणक सुरू होण्याच्या सेटिंग्जला हात लावताच संगणक ४८ अंकी रिकव्हरी की मागतो आणि ती नसेल तर डिस्क वाचता येत नाही. ती की मालकाच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात सहसा सापडते. काम सुरू करण्यापूर्वी ती कागदावर उतरवून घ्यावी.

पासवर्डांचेही असेच. ‘तो आपोआप भरला जातो’ हे उत्तर ऐकले की समजावे, मालकाला पासवर्ड ठाऊक नाही.

## दोन्ही प्रणाली एकाच संगणकावर ठेवाव्यात का?

ठेवता येतात. सुरू करताना कोणती हवी ते विचारणारी यादी येते. जिच्यावाचून अडेल अशी एखादी गोष्ट विंडोजमध्येच होत असेल तर हा मार्ग ठीक आहे, पण नवख्याला मी सहसा तो सुचवत नाही. दोन प्रणालींमध्ये घड्याळ काही तासांनी पुढेमागे होते, कारण यंत्रातली वेळ एक स्थानिक मानते आणि दुसरी जागतिक. विंडोजची ‘फास्ट स्टार्टअप’ ही सोय चालू असेल तर डिस्क अर्धवट झोपलेल्या अवस्थेत राहते आणि लिनक्सला तिच्यावर लिहिता येत नाही. शिवाय पहिली अडचण येताच माणूस जुन्या प्रणालीत जातो आणि मग तिथेच राहतो. शक्य असेल तर वेगळी डिस्क किंवा वेगळा जुना संगणक बरा.

## वर्ड आणि एक्सेलच्या फाइलींचे काय होईल?

लिब्रेऑफिस त्या उघडते, त्यात बदल करते आणि त्याच स्वरूपात जतनही करते. ज्याला इतरांना सतत वर्डच्या फाइली पाठवायच्या आहेत त्याच्या संगणकावर जतनाचे मूळ स्वरूप डॉकएक्स, म्हणजे वर्डचे, करून ठेवावे, म्हणजे प्रत्येक वेळी निवड करावी लागत नाही. ओळी आणि पाने सरकण्याचे मुख्य कारण बहुधा फाँट असते: फाइलमध्ये कॅलिब्री असतो आणि लिनक्सवर तो नसतो. यासाठी कार्लिटो हा फाँट बसवावा, कारण त्याची अक्षरे कॅलिब्रीइतकीच जागा घेतात आणि पानाची मांडणी टिकते. कँब्रियासाठी कॅलाडिया, तर टाइम्स न्यू रोमन आणि एरियलसाठी लिबरेशन या मालिकेतले फाँट आहेत.

साधी पत्रे, अर्ज, हिशेबाचे तक्ते यांत अडचण येत नाही. गुंतागुंतीची मांडणी, दोघांनी मिळून सुधारलेली मोठी फाइल, आणि मॅक्रो यांत मात्र येते. समोरच्याने फक्त वाचायचे असेल तर पीडीएफ पाठवावी. कधीमधी खरे वर्डच हवे असेल तर त्याची ब्राउझरमधली आवृत्ती लिनक्सवरही चालते.

## मराठी लिहिता-वाचता येईल का?

वाचण्याची काहीच अडचण नाही. नोटो किंवा लोहित यांसारखे युनिकोड देवनागरी फाँट बहुतेक वितरणांत आधीच असतात, आणि डेस्कटॉपची भाषाही मराठी करता येते, जरी भाषांतर सर्वत्र पूर्ण नसले तरी. लिहिण्यासाठी इनस्क्रिप्ट हा भारतीय लिपींचा प्रमाण कळफलक वापरणाऱ्याने कळफलकाच्या सेटिंगमध्ये मराठी जोडले की काम झाले. रोमन अक्षरांतून उच्चारानुसार लिहिणाऱ्यासाठी आयबस आणि एम१७एन या टंकलेखनाच्या साधनांच्या जोडीतून ध्वन्यनुसारी कळफलक मिळतो. त्याच्या सवयी विंडोजवरच्या साधनापेक्षा थोड्या वेगळ्या असतात, म्हणून ‘ज्ञ’, ‘ऱ्य’, ‘ॲ’ अशा अडणाऱ्या अक्षरांच्या कळा एका कागदावर लिहून द्याव्यात. तो कागद पडद्याशेजारी चिकटलेला मी कित्येक घरांत पाहतो आणि मला फार बरे वाटते.

युनिकोडपूर्वीच्या फाँटमध्ये टंकलेल्या जुन्या फाइली हा वेगळा प्रश्न आहे. त्यांत देवनागरी अक्षरे नसतातच; रोमन चिन्हांना देवनागरीचे रूप दिलेले असते, आणि तो फाँट नसेल तर पडद्यावर निरर्थक खुणा दिसतात. असे साहित्य असेल तर विंडोज काढण्यापूर्वीच ते युनिकोडमध्ये रूपांतरित करून तपासावे.

एक बारीक सूचना: कळफलक मराठीवर राहिला असताना संगणक कुलूपबंद झाला तर पासवर्ड बरोबर असूनही चुकतो. हे पहिल्याच दिवशी दाखवून ठेवावे.

## प्रिंटर आणि स्कॅनर चालतील का?

गेल्या काही वर्षांतील नेटवर्कवर जोडता येणारे बहुतेक प्रिंटर वेगळ्या ड्रायव्हरशिवाय चालतात. जुन्या, स्वस्त यूएसबी प्रिंटरचा भरवसा देता येत नाही. म्हणूनच पेनड्राइव्हवरच्या चाचणीत एक पान प्रत्यक्ष छापून पाहावे.

## लिनक्सला विषाणू लागत नाहीत, हे खरे आहे का?

असे कधीही सांगू नये. कार्यक्रम वितरणाच्या स्वतःच्या भांडारातून येतात, अनोळखी संकेतस्थळावरून उतरवलेली फाइल दोनदा दाबून बसवण्याची सवय सुटते, आणि प्रणालीत बदल करायला पासवर्ड लागतो. त्यामुळे घरगुती वापरात धोका पुष्कळ कमी होतो आणि वेगळा अँटीव्हायरस सहसा लागत नाही. पण धोका संपत नाही. मार्च २०२४ मध्ये एक्सझेड या अनेक वितरणांत वापरल्या जाणाऱ्या साधनात कोणीतरी अत्यंत चिकाटीने मागचे दार दडवल्याचे उघड झाले. अँड्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला लॉगिन होताना सुमारे अर्धा सेकंद जास्त का लागतो हे कळेना, म्हणून त्यांनी शोध घेतला आणि स्थिर आवृत्त्यांपर्यंत पोचण्याआधीच तो प्रकार सापडला. सारा कोड उघडा असल्यामुळे त्यांना तो तपासता आला, ही यातली दिलासा देणारी बाजू.

बँकेच्या नावाने येणारा खोटा संदेश, ओटीपी मागणारा फोन, ‘तुमचा संगणक बाधित झाला आहे’ असे ओरडणारे पान, यांपैकी कशापासूनही लिनक्स वाचवत नाही. ज्या माणसाला आपण मदत करतो आहोत त्याला खरा धोका बहुधा याचाच असतो, म्हणून यावर वेगळा वेळ काढून बोलावे.

## टर्मिनलमध्ये आज्ञा लिहाव्या लागतात का?

टर्मिनल म्हणजे आज्ञा टंकून संगणक चालवण्याची खिडकी. रोजच्या कामासाठी तिची गरज नाही. मदत करणाऱ्याने स्वतःची कामे हवी तर टर्मिनलमधून करावीत, पण समोरच्याला जे शिकवायचे ते माऊसने होईल असेच असावे. इंटरनेटवर सापडलेली, न समजलेली आज्ञा कधीही चिकटवू नये, एवढे मात्र त्याला ठासून सांगावे.

## शिकवावे कसे?

माऊस त्यांच्या हातात असावा. हा नियम ऐकायला क्षुल्लक वाटतो, पण पाळायला सर्वांत अवघड आहे. समोरचा माणूस योग्य चित्र शोधत असताना आपला हात आपोआप पुढे जातो, आणि आपण केलेले त्याच्या लक्षात राहत नाही. आपण हात मागे बांधून बसावे आणि शब्दांनी सांगावे.

पहिल्या दिवशी सहा-सात गोष्टी पुरेत: सुरू करणे आणि बंद करणे, ब्राउझर, फाइल कुठे जतन होते, ती परत कशी सापडते, पेनड्राइव्ह लावणे आणि सुरक्षितपणे काढणे, आवाज, आणि छापणे. यांतली ‘फाइल कुठे आहे’ ही गोष्ट सर्वांत जास्त वेळ घेते. विंडोजमध्ये सी, डी असे कप्पे होते. येथे प्रत्येकाचे ‘होम’ नावाचे एक घर असते आणि सारे त्याच्या आत राहते. एकदा घराची कल्पना पटली की ती विंडोजच्या कप्प्यांपेक्षा सोपी वाटते, पण ती पटेपर्यंत जुन्या फोल्डरांची नावे आणि जागा शक्य तितक्या तशाच ठेवाव्यात. डेस्कटॉपवर जी चित्रे ज्या क्रमाने होती त्याच क्रमाने मांडून द्यावीत, आणि पडद्यावरचे पार्श्वचित्रही तेच लावावे. नातवंडाचा तोच फोटो पडद्यावर दिसला की संगणक पुन्हा आपला वाटू लागतो.

वही हे उत्तम साधन आहे. आपण छापून दिलेली माहितीपत्रके कोणी वाचत नाही, पण स्वतःच्या अक्षरात, स्वतःच्या शब्दांत लिहिलेले टिपण लोक वर्षानुवर्षे वापरतात. एका आजींनी फायरफॉक्सपुढे ‘शेपटीवाला’ आणि अपडेट मॅनेजरपुढे ‘ढालवाला’ असे लिहून ठेवले होते. फोनवर बोलताना मीही तेच शब्द वापरू लागलो आणि आमचे काम फार सोपे झाले.

लिनक्सचा इतिहास, तत्त्वज्ञान, वितरणांमधले वाद हे सारे कोणी विचारले तर आनंदाने सांगावे. कोणी न विचारता सांगू नये.

## देखभाल कोणी करायची?

सुरुवातीला तुम्ही, पुढे हळूहळू ते स्वतः. मिंटमध्ये ढालीच्या चित्रावर खूण दिसली की अपडेट आले असे समजावे. ज्याला तेही नको त्याच्यासाठी स्वयंचलित अपडेट चालू करता येतात. त्याआधी टाइमशिफ्ट हा कार्यक्रम लावून ठेवावा. तो प्रणालीची छायाप्रत नियमित घेतो आणि एखाद्या अपडेटने काही बिघडले तर कालच्या स्थितीत परत नेतो. मात्र तो मूळ मांडणीत फक्त प्रणाली जपतो, मालकाच्या फाइली नव्हेत. त्यांच्यासाठी देजा दूप किंवा मिंटचे स्वतःचे बॅकअप साधन आणि बाहेरची डिस्क वेगळी हवी. या दोहोंतला फरक न कळल्याने पुष्कळांची फसगत झाली आहे.

डिस्क कूटबद्ध करावी का, असेही विचारले जाते. बाहेर नेल्या जाणाऱ्या लॅपटॉपसाठी जरूर करावी, पण तो पासवर्ड विसरला तर माहिती कोणीही परत मिळवून देऊ शकत नाही, म्हणून तो कागदावर लिहून सुरक्षित जागी ठेवलेला असावा.

## मी दुसऱ्या गावी असताना अडचण आली तर?

रस्टडेस्कसारख्या मुक्तस्रोत साधनाने दूरवरून पडदा पाहता येतो. ते बसवताना प्रत्येक वेळी मालकाने होकार दिल्यावरच जोडणी होईल अशी व्यवस्था करावी, आणि ‘मी आधी फोन केल्याशिवाय कोणालाही होकार देऊ नका’ असे बजावावे. याच प्रकारच्या साधनांनी लोकांची फसवणूक होते, त्यामुळे ही सवय दोन्ही कारणांसाठी उपयोगी पडते. शक्य असेल तर जवळपास राहणाऱ्या दुसऱ्या कोणालातरी जुजबी गोष्टी शिकवून ठेवाव्यात. एकाच माणसावर अवलंबून असलेली व्यवस्था त्या माणसाच्या आजारपणात कोलमडते.

## काही महिन्यांनी त्यांनी परत विंडोज मागितले तर?

द्यावे, आणि कुरकुर न करता द्यावे. त्यासाठीची तयारी मात्र पहिल्याच दिवशी झालेली हवी. विंडोज ८ नंतर विकल्या गेलेल्या बहुतेक संगणकांत विंडोजच्या परवान्याची की यंत्रातच साठवलेली असते आणि पुन्हा बसवल्यावर परवाना आपोआप लागू होतो. तरीही डिस्क पुसण्यापूर्वी तो परवाना सक्रिय असल्याची खात्री करून घ्यावी आणि अधिकृत साधनाने विंडोजचा पेनड्राइव्ह बनवून, त्यावर नाव लिहून, तो मालकाच्याच ताब्यात द्यावा. लिनक्स काढण्यापूर्वी काय अडले ते शांतपणे विचारावे. अनेकदा एखादे चित्र हरवलेले असते, एखादा फाँट नको तितका बारीक असतो, किंवा छापताना पानाचा आकार चुकत असतो, आणि दहा मिनिटांत प्रश्न मिटतो. पण उत्तर ‘मला सवयच होत नाही’ असे असेल तर वाद घालू नये. फाइलींची प्रत काढावी, तो नाव लिहिलेला पेनड्राइव्ह मागून घ्यावा आणि कामाला लागावे. लिब्रेऑफिस, फायरफॉक्स आणि थंडरबर्ड त्यांना आता येत असतातच, ते विंडोजवर पुन्हा बसवून द्यावेत.